शेजारच्या घरातला आवाज: स्त्रियांवरची हिंसा थांबवण्याचं काम आपल्या वाड्यावर कसं सुरू करावं

८ मार्चचा कार्यक्रम आटोपतो, खुर्च्या गोळा होऊ लागतात, आणि मंडळाचा एखादा मुलगा किंवा स्वयंसहाय्य गटातली एखादी बाई मागे घुटमळते. "आमच्या वाड्यावरही काहीतरी करायला हवं. सुरुवात कुठून करू?" गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांच्या गावांतून हिंडताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला. हे लिखाण त्या मागे घुटमळणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही शिक्षक असाल, अंगणवाडीताई असाल, भजनी मंडळात पखवाज वाजवत असाल किंवा फुटबॉलच्या पोरांना शिकवत असाल, तरी चालेल. कायद्याची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि ती जरा जास्तच लागते.

आधी 'आमकां कितें पडलां?' समजून घ्या

शेजारच्या घरातून भांडं आपटल्याचा आवाज येतो, मग बाईचं ओरडणं, मग एकदम शांतता. ओसरीवर बसलेली माणसं एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी म्हणतं, "तांचें घरचें तें, आमकां कितें पडलां?" पूर्वी मला या वाक्याचा राग यायचा. पुढे एकेकाशी स्वतंत्रपणे बोलू लागले तेव्हा कळलं, की त्या ओसरीवरच्या निम्म्याहून अधिक माणसांना ते अजिबात पटलेलं नव्हतं. पण प्रत्येकाला वाटत होतं, न पटणारा आपण एकटाच. बाकीच्यांना हे चालतं, मग आपण मध्ये पडून वाईट का व्हा?

या कामाची सगळी गोम इथे आहे. माणूस स्वतःच्या मतापेक्षा 'चार लोक काय म्हणतील' यावर जास्त वागतो. त्या चार लोकांना खरं काय वाटतं, हे त्यालाही ठाऊक नसतं. तुम्हाला मनं नव्याने घडवायची आहेतच, पण त्याआधी जी मनं आधीपासून तुमच्या बाजूची आहेत ती एकमेकांना दिसतील असं काहीतरी करायचं आहे.

म्हणजे बाकी सगळं आलबेल आहे असं नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-पुरुषांना विचारलं होतं: न सांगता बाहेर जाणं, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष, वाद घालणं, स्वयंपाक नीट न करणं, सासू-सासऱ्यांचा मान न राखणं, अशा सात कारणांपैकी एखाद्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का? देशभरातल्या सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका कारणाला होकार दिला. बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, हे लक्षात ठेवा. सुनेला मार पडत असताना दार लावून घेणारी सासू वाईट असते म्हणून तसं करत नाही. तिलाही तेच शिकवलेलं असतं.

आणखी एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल: "गोव्यात असलं काही नसतं." आपल्याकडे साक्षरता जास्त आहे, आपला कौटुंबिक कायदा वेगळा आहे, हे खरं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि स्थावर मालमत्ता विकायला दोघांची संमती लागते. पण सामाईक घराची निम्मी मालकीण असलेल्या बाईला बसभाड्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो, तिचं बँकेचं कार्ड त्याच्या पाकिटात असतं, हेही मी पाहिलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा यालाही हिंसाच म्हणतो. त्यात मारहाण आली, लैंगिक छळ आला, घालूनपाडून बोलणं व मानसिक छळ आला, आणि पैसा अडवणंही आलं. पहिल्या बैठकीआधी हे चार प्रकार स्वतःच्या शब्दांत सांगता येतील इतके पक्के करा.

बोलायला सुरुवात करण्याआधी मदतीची वाट तयार ठेवा

नवे लोक ही पायरी गाळतात आणि मग घाबरतात. तुम्ही या विषयावर उघडपणे बोललात, की आठवडाभरात कोणीतरी तुमच्या दारात येईल. कदाचित तुमची वर्गमैत्रीण, कदाचित तुमची सख्खी वहिनी. त्या वेळी 'बघू या, कोणाला तरी विचारते' म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

एका कागदावर एवढं लिहून ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२. महिला हेल्पलाईन १८१. मुलांसाठी १०९८. तुमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी (२००५ च्या कायद्याखाली पीडितेला मदत करणारा सरकारी अधिकारी) कोण आणि कुठे बसतो, हे फोनवर न विचारता स्वतः जाऊन पाहून या. खोली कोणती, शिपाई आत सोडतो का, बाई एकटी आली तर बसायला जागा आहे का, हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की दुसरीला धीर देता येतो. पीडित स्त्रीला सगळी मदत एकाच ठिकाणी देणाऱ्या जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरची माहिती घ्या. पणजीचं महिला पोलीस स्थानक आणि तुमच्या भागातलं पोलीस स्थानक, दोन्हीकडे एकदा तरी तोंडओळख करून घ्या. वकिलाच्या खर्चाची चिंता करणाऱ्या बाईला सांगा, की विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न पाहिलं जात नाही. बलात्कार झालेल्या स्त्रीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करणं बंधनकारक आहे.

शेजाऱ्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या त्या २००५ च्या कायद्यात आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. घरगुती हिंसा होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. 'उद्या कोर्टात आपल्यालाच खेचतील' ही भीती ज्यांना गप्प बसवते, त्यांच्यापुढे हे कलम मोठ्याने वाचा.

बाई बोलू लागली की काय करायचं? ऐका. 'तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?' हा प्रश्न जिभेवर येईल, तो गिळा. 'तू सांगतेस त्यावर माझा विश्वास आहे, यात तुझी चूक नाही' एवढं म्हणा. मग आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का, मुलं कुठे आहेत, हे विचारा. आधारकार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, औषधं आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासाच्या घरी ठेवायला सांगा. नवरा फोन तपासत असेल तर तुमचा नंबर दुसऱ्या नावाने साठवू द्या. आणि 'सोडून दे त्याला, आजच निघ' असा सल्ला चुकूनही देऊ नका. बाई घर सोडायला निघते तो काळ तिच्यासाठी सगळ्यांत धोक्याचा असतो. कधी निघायचं, निघायचं की नाही, हे तिने ठरवायचं. तुम्ही सोबत राहायचं.

समेट घडवायला बसू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एका जोडप्याला आम्ही देवळाच्या सभागृहात समोरासमोर बसवलं. गावातली चार मोठी माणसं होती. त्याने सगळ्यांसमोर हात जोडले, तिने मान डोलावली, आम्ही चहा घेतला आणि समाधानाने घरी गेलो. 'गावासमोर माझी अब्रू घालवलीस' म्हणून त्या रात्री त्याने तिला पूर्वीपेक्षा जास्त मारलं. मारणारा समोर बसलेला असताना ती खरं बोलणार नव्हती, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर प्रश्न तुमच्या इच्छेचा राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. म्हणून मुलांशी बोलताना 'मी कोणालाही सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नका. आणि पीडितेचं नाव, वाडा, शाळा, कसलीच ओळख व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. तुमच्या मंडळाच्या ग्रुपवरही नाही.

गट कोणाचा, कधी, कुठे

दोनशे माणसांपुढचं भाषण विसरा. बारा-पंधरा जणांचा गट, साधारण एका वयाचा, सुरुवातीला पुरुषांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा. आठवड्यातून एकदा दीड तास, निदान चार-सहा महिने. युगांडातल्या कंपाला शहरात 'सासा!' नावाने असंच काम झालं. वस्तीतल्या साध्या माणसांनी शेजाऱ्यांशी, गिऱ्हाइकांशी, नातलगांशी घरात कोणाची कोणावर सत्ता चालते याबद्दल बोलत राहायचं, वर्षानुवर्षं. नंतरच्या अभ्यासात, जिथे हे काम झालं नव्हतं त्या वस्त्यांच्या तुलनेत तिथे जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा निम्म्याने कमी आढळली. मुंबईत क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी सरावाच्या मैदानावरच मुलांशी हा विषय काढला, तोही याच धर्तीचा प्रयोग. आपल्याकडे फुटबॉलचं मैदान आहे, तेच वापरा.

वेळ पाहा. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस कोणी येणार नाही. शिगम्याला नाही, गावच्या जात्रेला नाही. सत्तरीत काजूचा मोसम सुरू झाला की सकाळी माणसं बागायतीत असतात आणि संध्याकाळी थकलेली असतात. भात लावणीतही तेच. दारू पिऊन आलेल्याला बैठकीत बसवू नका, पण त्याला अपमानित करून हाकलूही नका. 'पुढच्या आठवड्यात ये, तुझी जागा ठेवतो' म्हणा.

पुरुषांच्या गटाशी पुरुषानेच बोललेलं सुरुवातीला बरं पडतं. मात्र तिथे काय बोललं गेलं, काय ठरलं, हे गावातल्या दोन-तीन बायकांना ठरलेल्या दिवशी सांगायचं आणि त्यांचं ऐकायचं. नाहीतर 'बायकांचं भलं' पुरुषच ठरवतात आणि गाडी फिरून जुन्याच वाटेला लागते.

बैठकीत नेमकं काय करायचं

पहिल्या बैठकीत 'हिंसा' हा शब्दच काढू नका. काल पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात कोणी काय केलं, हे तासातासाने लिहायला सांगा, एका बाजूला नवऱ्याचं, दुसऱ्या बाजूला बायकोचं. चवथीच्या दिवसाचंही करून पाहा. पुरुष अभिमानाने सांगतील, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) आम्ही बांधली, रानातून फळं-फुलं आम्ही आणली. तो अभिमान खरा आहे, त्याची टिंगल नको. फक्त पुढचं विचारा: नेवऱ्या तळून, पातोळ्यो उकडून, पाहुण्यांना वाढून, भांडी घासून घरातली बाई पहिल्यांदा पाठ टेकून बसली ती किती वाजता? शांतता पसरेल. ती मोडायची घाई करू नका.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत थोडी ओळख झाली, की चिठ्ठ्यांचा प्रयोग करा. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. प्रत्येकाला दोन कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच: 'बायकोने आईबापाचा अपमान केला तर नवऱ्याने हात उगारणं बरोबर आहे का?' पहिल्या चिठ्ठीवर स्वतःचं उत्तर. दुसरीवर, या खोलीतले बाकीचे बहुतेक काय म्हणतील असं वाटतं ते. दोन डब्यांत गोळा करा आणि सगळ्यांसमोर मोजा. मी जिथे जिथे हे केलं तिथे बहुतेकदा स्वतःच्या डब्यात 'नाही' जास्त निघाले आणि दुसऱ्या डब्यात 'हो'. एका गावात ट्रक चालवणारा एक दणकट गडी उठून दोन्ही डबे पुन्हा स्वतः मोजू लागला. त्याचा विश्वासच बसेना. मग हळूच म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे एकमेकांना भिऊन होतो?"

उलटं निघालं, दोन्ही डब्यांत 'हो' भरले, तर खचू नका आणि लपवूही नका. तुमचं काम किती लांबचं आहे ते तुम्हाला आजच कळलं.

मग दारूचा विषय निघेल. तो निघणारच. 'तो माणूस चांगला आहे, दारू त्याला बिघडवते.' दारूमुळे मार जास्त गंभीर होतो, ती कमी करायला मदत मिळवून द्यायला हवी, हे मान्य करा. पण विचारा: तोच माणूस झिंगलेला असताना तिंट्यावर (नाक्यावर) पोलीस दिसला की सरळ का चालतो? भाटकारावर (जमीनमालकावर) किंवा साहेबावर त्याचा हात का उठत नाही? २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागात ट्रकांचे हप्ते थकले, घरांत ताण आला. तो ताण खरा होता. पण तसाच हप्ता थकलेल्या शेजारच्या घरात बायकोला मार पडत नव्हता. मग फरक कशात होता? याचं उत्तर गटाला शोधू द्या. तुमच्या तोंडून आलेलं उत्तर ते दारापाशीच सोडून जातील.

शेवटी सराव. नुसतं 'आवाज उठवा' म्हणून कोणाचा आवाज उठत नाही. घटना ठरवा आणि करून दाखवायला लावा. शेजारून ओरडणं ऐकू आलं, दारावर जायचं, बेल दाबायची. २००८ मध्ये 'बेल बजाओ' या मोहिमेने देशभर हीच साधी गोष्ट सांगितली होती. पुढे काय बोलायचं? "दादा, तुमच्याकडे पाणी आलं का? आमच्याकडे नळ कोरडा." एवढंच. त्या क्षणी उपदेश नको, बाचाबाची नको. मार थांबतो आणि मारणाऱ्याला कळतं की ऐकू जातं आहे. एकट्याने जायची भीती वाटली तर दोघे जा. त्याच्या हातात कोयता-दांडा असेल तर दार वाजवायचं नाही, सरळ ११२. आणि दुसऱ्या दिवशी, तो घरी नसताना, कोणीतरी बाईने तिला एकटीला भेटून विचारायचं: 'आम्ही काल आलो त्याचा तुला त्रास झाला नाही ना? पुढच्या वेळी काय करू?' ही शेवटची विचारपूस राहून जाते. ती राहू देऊ नका.

असाच सराव बारीकसारीक गोष्टींचाही करा. ग्रुपवर बायकांवरचा गलिच्छ विनोद आला तर काय लिहायचं? 'मला हे आवडलं नाही' पुरेसं आहे. कदंब बसमध्ये कोणी मुलीच्या अंगचटीला येत असेल तर तिच्याशी ओळख असल्यासारखं बोलत मध्ये उभं राहायचं. मित्र बायकोचा फोन तपासल्याची बढाई मारतो तेव्हा हसायचं नाही. न हसणं हेही सुरुवातीला जड जातं. करून पाहा.

आक्षेप येतील

'कायद्याचा गैरवापर होतो', 'पुरुषांवरही अन्याय होतो.' चिडून उत्तर देऊ नका. पुरुषावर अन्याय झाला असेल तर त्याचंही ऐका, पण दुसऱ्या दिवशी आणि वेगळं बसून. एका दुःखाने दुसऱ्याचं तोंड बंद करायचं नाही, हा गटाचा नियम ठेवा. मार खाल्लेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के मदत मागतात, असं वर सांगितलेल्या पाहणीतच दिसलं. अडचण मुख्यतः बोलण्याची नाही, न बोलण्याची आहे.

'मुलींना कराटे शिकवा' ही सूचनाही येईल. जरूर शिकवा, मुली धीट होतात. फक्त त्याने मारणारा बदलत नाही, आणि हिंसा रोखण्याचं ओझं पुन्हा मुलीच्याच खांद्यावर पडतं.

गटातून गावात

गट मुरल्यावरच बाहेर या. मंडळाच्या नियमात एक ओळ घाला, की बायकोला मारणाऱ्याला पदाधिकारी करणार नाही. ही ओळ लिहिताना जी चर्चा होईल तीच महत्त्वाची. जात्रेच्या नाटकाची तालीम चालू असेल तर दिग्दर्शकाशी बोला: बायकोच्या थोबाडीत मारल्यावर टाळ्या घेणारा प्रवेश खरंच हवा का? ग्रामसभेत विषय मांडा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू-बांगड्या उतरवण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो पाहून इतर गावांनाही धीर आला. एक गाव बोललं की दुसऱ्याला बोलता येतं. हॉटेल, कारखाना, दुकान, जिथे दहा किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. ती कागदावर आहे की भिंतीवर नावं लावली आहेत, ते बघा. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

आणि तुमच्या घरात काय चाललं आहे, हे गाव पाहत असतं. कपबशी स्वतः विसळणाऱ्या माणसाचं बोलणं गटात लवकर पोचतं.

सहा महिन्यांनी तक्रारी वाढलेल्या दिसल्या तर दचकू नका. हिंसा वाढली असा त्याचा अर्थ बहुतेकदा नसतो, बोलायला जागा झाली असा असतो. याउलट सगळे एका सुरात 'आमचं गाव आता आदर्श' म्हणू लागले तर सावध व्हा.

पहिल्या बैठकीला एवढं घेऊन जा: कोरे कागद, पेन्सिली आणि मदतीच्या नंबरांचा तो कागद. खुर्च्या गोल मांडा, व्यासपीठ नको, पाहुणा नको, हार-नारळ नको. पंधरा जणांना बोलावलंत आणि चारच आले, तर चौघांसोबत बसा, आणि पुढच्या आठवड्याची वेळ त्या चौघांनाच ठरवू द्या.